शिपाई, व्यापारी व पिता

शास्त्रपाठ : लूक ३:१४, प्रेषितांची कृत्ये १६:१४, १५, नीतिसूत्रे ११:१



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस किनवट येथील आमच्या मंडळीतील एक वयोवृद्ध बंधू प्रभूमध्ये निजले. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. कारण जिवंत असता त्यांस स्वतःचा गवगवा रुचत नसे, आणि आता तर ते अशा ठिकाणी गेले आहेत की जेथे आमच्या छापील अक्षरांची गरज उरत नाही. तालुक्यात त्यांस सर्व लोक ‘फौजीबाबा’ म्हणत. मांडवीपासून इस्लापूरपर्यंतच्या वाड्यातांड्यांवर हे नाव ज्यास ठाऊक नाही असे घर क्वचितच सापडेल.

प्रेतविधीच्या आदल्या रात्री आमचे एक तरुण सुवार्तिक आम्हांकडे आले व संकोचाने म्हणाले, “पाळकसाहेब, उद्या कबरीपाशी काय बोलावे? बाबा मंडळीचे वडील नव्हते. त्यांनी कधी उपदेश केला नाही. पंधरा वर्षे फौजेत काढली, पुढे तीस-पस्तीस वर्षे सायकलीवर कापड विकले, मुलेबाळे वाढविली आणि मेले. ह्यांत देवाचे काम कोणते?”

हा प्रश्न त्या बंधूंनी वाईट हेतूने विचारिला नव्हता. आम्हां सर्वांच्या मनात तो दडलेला असतो. आम्ही असे समजतो की, जो पुलपिटावर उभा राहिला त्याचे जीवित देवाचे, आणि जो बाजारात उभा राहिला त्याचे जीवित पोटाचे. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. जे उत्तर आम्ही त्या बंधूंस तेव्हा नीट देऊ शकलो नाही, ते आज ह्या पत्राच्या द्वारे देत आहो; कारण हा प्रश्न एकट्या किनवटचा नाही, आपल्या प्रत्येक खेड्यातील मंडळीचा आहे.

प्रथम शिपायाविषयी बोलू.

यार्देनेच्या तीरी योहान उपदेश करीत असता त्याजकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारिले. योहानाने त्यांस हत्यार टाकून अरण्यात येण्यास सांगितले नाही. बळाच्या जोरावर कोणाचे काही घेऊ नये, कोणावर कुभांड रचू नये, आणि जे वेतन मिळते त्यात समाधान मानावे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. पाहा, किती साधे उत्तर! शिपायाने शिपाईच राहावे. परंतु हाती बळ असून ते बळ दुर्बळावर चालवू नये. कफर्णहूमचा शताधिपती आपल्या आजारी चाकरासाठी प्रभूकडे रदबदली करितो, आणि कैसरियाचा कर्नेल्य हा शताधिपती असूनच प्रार्थनाशील व दानशूर असतो. शास्त्रामध्ये शिपाई अनेक येतात, आणि त्यांपैकी कित्येकांचा विश्वास पाहून इस्राएलासही लाज वाटावी असे आहे.

आमचे फौजीबाबा महार रेजिमेंटमध्ये होते. ही पलटण १९४१ साली बेळगाव येथे उभी राहिली. त्यापूर्वी आमच्या लोकांनी इंग्रज सरकारची चाकरी पिढ्यान्‌पिढ्या केली होती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या शेवटास त्यांची भरती बंद करण्यात आली, आणि पहिल्या महायुद्धात जी पलटण पुन्हा उभारली तीही लढाई संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडून टाकिली. दुसऱ्या महायुद्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व इतर पुढारी ह्यांच्या खटपटीने ते दार फिरून उघडले. फौजीबाबा १९६५ व १९७१ ह्या दोन्ही युद्धांच्या वेळी चाकरीत होते. परंतु लढाईची गोष्ट सांगा म्हणून मुलांनी हट्ट धरिला असता ते एवढेच म्हणत, “तिकडे थंडी फार होती.” आपण कोणास मारिले की नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही. आम्ही एकदा विचारिले असता त्यांनी आमच्याकडे पाहिले, आणि मग सायकलीच्या चाकाकडे पाहत राहिले. पुन्हा आम्ही विचारिले नाही.

येथे तरुणांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. गणवेषाचा अभिमान बाळगणे वाईट नाही. परंतु गणवेष उतरल्यावर मनुष्यात काय उरते, हे पाहिले पाहिजे. पुष्कळ जण घरी येतात आणि उरलेले आयुष्य पूर्वीच्या हुद्द्यावर जगतात. गावात चावडीवर बसून दुसऱ्यांवर हुकूम सोडतात. बाबा घरी आले ते पेटी ठेवून दुसऱ्याच महिन्यात नांदेडास गेले, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून कापडाची दोन गाठोडी घेतली, रेल्वेने किनवटास आणिली, आणि सायकलीच्या मागे बांधून पैनगंगेच्या काठाकाठाने गावे फिरू लागले. ज्याने राज्याच्या सीमेवर पहारा केला त्याने दारोदार ‘लुगडी, झंपराचे कापड, टॉवेल’ असे ओरडण्यास लाज मानिली नाही. योहानाने शिपायांस वेतनात समाधान माना असे सांगितले. वेतन संपल्यावर श्रमात समाधान मानणे हेही त्याच उपदेशाचे अंग होय.

आता व्यापाऱ्याविषयी.

बाबांच्या हिशेबाच्या वहीत वर्तमानपत्राचे एक कात्रण घडी करून ठेविलेले आढळले. ते २०१४ सालच्या मे महिन्यातील होते आणि त्यात कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर ह्यांच्या निधनाची बातमी होती. बाबा हे कात्रण कोणी भेटले की दाखवीत आणि म्हणत, “पाहा, हेही फौजी, हेही कापड विकणारे.” आम्ही त्या वेळी हसून सोडून दिले. आता ते कात्रण पुन्हा वाचिले व त्या गृहस्थांविषयी अधिक माहिती मिळविली, तेव्हा बाबांनी ते का जपून ठेविले हे ध्यानी आले.

कृष्णन नायर ह्यांचा जन्म १९२२ साली केरळातील कण्णूर येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात शिरले, आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्री ह्या पलटणीत कॅप्टन झाले. ही तीच पलटण, जिचे ठाणे बेळगावी आहे आणि जिच्यात आमच्या महाराष्ट्रातील हजारो घरांचे पुत्र भरती होत आले आहेत. अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव ह्यांनी १९४५ च्या एप्रिल महिन्यात इटलीतील सेनियो नदीवर दोन जखमी सोबत्यांस गोळ्यांच्या वर्षावातून, खोल पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या वाटेतून सुखरूप वाहून आणिले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, ते ह्याच पलटणीचे.

१९५१ साली कॅप्टन नायर ह्यांनी सैन्य सोडिले. त्यांचे सासरे कण्णूर येथे हातमागाच्या कापडाचा धंदा करीत. कॅप्टनसाहेब तेच कापड विकण्यासाठी बाहेर पडले. काल ज्याच्यापुढे जवान ताठ उभे राहून सलाम करीत, तो आज दुसऱ्याच्या दुकानात नमुन्याचे कापड उलगडून बोलू लागला. पुढे हा व्यापार त्यांस समुद्रापार घेऊन गेला; आणि तेथे जे घडले ते आपल्या बोधास फार उपयोगी आहे.

१९५८ साली विल्यम जेकबसन नावाचा अमेरिकेचा एक कापड आयात करणारा व्यापारी हिंदुस्थानात आला. त्यास नायर ह्यांनी मद्रासकडील हातमागाचे चौकड्यांचे कापड दाखविले. ते वनस्पतींच्या रंगांत रंगविलेले होते. रंग मोठे सुंदर, परंतु पक्के नव्हते; धुतले की थोडेथोडे उतरत व एकमेकांत मिसळत. नायर ह्यांनी त्यास बजाविले की, हे कापड थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावे लागते. व्यापाऱ्याने माल घेतला, आणि त्यांपैकी दहा हजार वार कापड न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्स ह्या जुन्या पेढीस विकिले. परंतु धुण्याविषयीची ती सूचना वाटेतच राहिली! पेढीने कपडे शिवून विकिले; गिऱ्हाइकांनी ते नेहमीच्या रीतीने धुतले; रंग उतरले आणि तक्रारी सुरू झाल्या. मग सर्वांनी मिळून असा तोडगा काढिला की, रंग उतरतो हीच ह्या कापडाची विशेषता आहे, प्रत्येक धुण्यात ते नवे रूप घेते, असे उघडपणे जाहीर करावे. डेव्हिड ओगिल्वी ह्या प्रसिद्ध जाहिरातदाराने ‘रंग उतरेल ह्याची हमी’ अशा अर्थाचे वाक्य रचिले असे सांगतात. आणि आश्चर्य असे की, ज्या दोषामुळे माल परत यायचा, त्याच दोषामुळे लोक तो शोधीत येऊ लागले.

वाचकहो, ही गोष्ट ऐकून कोणी हसेल, कोणी चातुर्याची वाहवा करील. आम्ही मात्र दोन गोष्टी वेगळ्या करून पाहतो. तक्रार आल्यावर दोषाचा गुण करून दाखविणे हे चातुर्य होय. त्यात खोटे बोलणे नाही, म्हणून त्यास आम्ही पाप म्हणत नाही. परंतु त्यास पश्चात्तापही म्हणता येत नाही. विक्रीच्या आधी, गिऱ्हाईक पैसे मोजण्यापूर्वी, ‘ह्याचा रंग कच्चा आहे’ असे सांगणे हा मात्र प्रामाणिकपणा होय. त्यात तोटा होण्याचा संभव असतो, आणि म्हणूनच त्यास किंमत आहे. खोटा तराजू देवास किती अप्रिय आहे हे शलमोनाने सांगून ठेविले आहे. तराजू म्हणजे केवळ दोन पारडी नव्हेत. विकणाऱ्याची जीभ हाही तराजूच होय.

ह्या गोष्टीत आम्हां सुवार्तिकांसाठी एक धडा आहे. तो कडू असला तरी घेतला पाहिजे. पहिल्या विक्रेत्याने सूचना सांगितली होती. ती मधल्या हातांत हरवली. आमच्या हातूनही असेच होत नाही काय? प्रभूने आपल्या मागे येणाऱ्यांस खर्च आधीच सांगितला. बुरूज बांधू पाहणाऱ्याने बसून हिशेब करावा, असा दाखला त्याने दिला. वधस्तंभ उचलावा लागेल हे त्याने लपविले नाही. परंतु गावात जाऊन आम्ही काय सांगतो? ‘या, म्हणजे आजार जाईल, या, म्हणजे मुलास शाळा मिळेल, पोरास नोकरी लागेल.’ कापडाची झळाळी सांगतो, धुण्याची रीत सांगत नाही. मग संकटाच्या पहिल्याच पाण्यात त्या बिचाऱ्याचा विश्वास फिका पडतो, आणि आम्ही त्यास दोष देतो की हा कच्चा निघाला. बंधूंनो, तो कच्चा नव्हता. विकणाऱ्याने त्यास अर्धेच सांगितले होते.

लुदिया ही जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई होती. युरोप खंडात पौलाच्या हातून प्रभूकडे वळलेली जी पहिली नावाने ठाऊक असलेली व्यक्ती, ती हीच. देवाने तिचे अंतःकरण उघडिले, आणि तिने आपले घर उघडिले. शास्त्र असे म्हणत नाही की तिने व्यापार सोडिला. जिच्या हातांस रंगाची पारख होती तिच्याच घरी फिलिप्पैची मंडळी जमू लागली. यास्तव, आपल्या मंडळीत जे भाजीची पाटी वाहतात, किराणा विकतात, बांगड्या भरतात, त्यांनी आपल्या धंद्यास हलके समजू नये.

आता फौजीबाबांच्या वहीकडे येऊ.

बाबा उधारीने कापड देत. कापूस निघाला की गावकरी पैसे देत. पीक बुडाले की पुढल्या सालावर जात असे. त्यांच्याजवळ मीटरची लोखंडी पट्टी होती. कापड ताणून मोजले असता मीटरमागे दोन बोटे वाचतात, ही युक्ती बाजारात कोणास ठाऊक नाही? बाबा कापड सैल टाकून मोजीत व वर चार बोटे सोडीत. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांस ते ‘याडी’ म्हणून हाक मारीत आणि त्या त्यांस ताक दिल्यावाचून जाऊ देत नसत. वहीत अनेक नावांवर आडवी रेघ मारून पुढे ‘सोडले’ असे लिहिले होते.

हे सर्व वाचून आम्हांस आनंद झाला, आणि कबरीपाशी जे बोललो त्याहून पुष्कळ अधिक बोलता आले असते असे वाटले. परंतु वही येथेच संपत नव्हती. शेवटच्या काही पानांपैकी एकावर, बाकीच्या नावांपासून वेगळी, एक नोंद होती. इस्लापूरकडील एका गावची मजुरी करणारी बाई, लेकीच्या लग्नासाठी १९८६ साली नेलेले लुगडे, आणि खाली असे शब्द : “रंग कच्चा हे ठाऊक होते. पक्का म्हणून सांगितले. ८५ रुपये आपण देणे लागतो. दोनदा गेलो. ऊसतोडीस गेली आहे. भेट नाही.”

सर्व वहीत लोक बाबांचे देणे लागत होते. ह्या एका ओळीत बाबा देणे लागत होते.

त्यांच्या थोरल्या मुलाने ती वही आम्हांस दाखविली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, “पाळकसाहेब, हे पान फाडून टाकू काय? लोक बाबांस देवमाणूस म्हणतात. उद्या हे कोणी वाचिले तर?” आम्ही क्षणभर गप्प राहिलो. खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात तोच विचार येऊन गेला होता. ज्याच्याविषयी आम्ही दोन दिवसांपूर्वी भर मंडळीत इतके चांगले बोललो, त्याचे हे पान दडपून टाकावे असा मोह झाला. परंतु मग लक्षात आले की, ते पान बाबांनी स्वतः फाडिले नव्हते. त्यांस तसे करिता आले असते. चाळीस वर्षे होत आली, तितका काळ त्यांनी ते जपून ठेविले.

आणि दुसरी एक गोष्ट लक्षात आली, ती आम्हांस तिसऱ्या मुद्द्याकडे नेते.

तो मुद्दा म्हणजे कुटुंबाचा पिता.

त्या नोंदीचे अक्षर बाबांचे नव्हते. ते त्यांच्या दिवंगत पत्नीचे होते. बाबा फौजेत असता ह्या माउलीने एकटीने शेतमजुरी करून चार मुले वाढविली. रात्री मंडळीच्या शाळेत बसून अक्षरे शिकली, ती केवळ नवऱ्याची पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नयेत म्हणून. पुढे बाबा फिरतीवर जात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ते सांगत व ती वहीत लिही. म्हणजे ह्या पापाची कबुली त्यांनी प्रथम आपल्या बायकोजवळ दिली होती. तिच्यासमोर उभे राहून ‘आज मी खोटे बोललो’ असे त्यांस म्हणावे लागले, आणि तिनेही ते झाकून न ठेविता वहीत उतरविले. बंधूंनो, आमच्यापैकी किती नवरे आपल्या बायकोस दिवसाचा असा हिशेब देतात? आपण घरी आणितो ते पैसे दाखवितो. ते कसे मिळविले हे सांगत नाही.

कॅप्टन नायर ह्यांच्या आयुष्यातही पत्नीचे स्थान मोठे होते. तिचे नाव लीला. तिच्याशी त्यांचा विवाह १९५० साली झाला. मुंबईस त्यांनी लेसचा कारखाना काढिला, त्यास तिचेच नाव दिले. ज्या वयात सरकारी नोकर निवृत्तिवेतन घेऊन ओट्यावर बसतो, त्या पासष्टीच्या सुमारास त्यांनी सहार येथे विमानतळाजवळ हॉटेल उभारिले, आणि त्यासही तिचेच नाव दिले. नंतर गोव्यास, बेंगळुरूस, उदयपुरास, दिल्लीस व चेन्नईस त्याच नावाची भव्य हॉटेले झाली. २०१० साली सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. ९१ व्या वर्षापर्यंत ते कारभार पाहत होते आणि १७ मे २०१४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, मुंबईत वारले. पुढे कर्जाचा भार इतका झाला की, २०१९ साली मुंबईचे हॉटेल वगळता बहुतेक हॉटेले व ते नावही परदेशच्या एका कंपनीस विकावे लागले.

हे आम्ही कोणास हिणविण्यासाठी सांगत नाही. ते गृहस्थ आमच्या धर्माचे नव्हते. तथापि त्यांचे श्रम, म्हातारपणीचे धैर्य व पत्नीविषयीचा आदर ह्यांपासून आपण शिकावे. प्रभूने परक्या शताधिपतीची वाखाणणी केली; मग चांगले जेथे दिसेल तेथे त्यास चांगले म्हणण्यास आपण का कचरावे? सांगावयाचे एवढेच की, संगमरवरावर कोरलेले नावही विकले जाते. मग मनुष्य मागे ठेवितो तरी काय? मोठ्याने मोठे मागे ठेविले. लहानाने लहान मागे ठेविले. पण दोघांच्याही बाबतीत जे टिकावयाचे ते दगडात नव्हे, मनुष्यांत टिकते.

बाबांचा थोरला मुलगा ते पान फाडण्यास आला होता. तो ते घेऊन घरी गेला. त्या रात्री भाऊभाऊ बसले. एक म्हणाला, ८५ रुपये पाठवून देऊ. दुसरा म्हणाला, चाळीस वर्षांचे व्याज कोण मोजणार? धाकट्यास जक्कयाची गोष्ट आठवली, की त्याने चौपट परत करण्याचे कबूल केले. शेवटी त्यांनी पैसे द्यावयाचे नाही असे ठरविले, आणि किनवटच्या बाजारातून एक उत्तम, पक्क्या रंगाचे लुगडे आणिले. थोरल्याने दुकानातच त्याची कड ओली करून पांढऱ्या रुमालावर घासून पाहिली.

ती बाई कधीच वारली होती. परंतु जिच्या लग्नासाठी लुगडे घेतले होते, ती लेक बोधडीकडील एका गावी सापडली. ती आता नातवंडांची आजी आहे. थोरल्या मुलासोबत आम्हीही गेलो होतो. मुलाने ओसरीवर बसून सर्व हकीकत सांगितली. आम्हांस वाटले होते की तिला काही आठवणार नाही. इतकी वर्षे गेली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आठवतंय. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग सासूच्या पातळाला लागला. माझ्या आईनं हलकं लुगडं दिलं म्हणून मला वर्षभर ऐकावं लागलं. आई मरेपर्यंत म्हणत होती, फौजी खोटं बोलणार नाही, माझ्याच नशिबानं ते असलं निघालं.”

आमच्या सोबत्याने मान खाली घातली. बाई उठली, आत जाऊन पाणी घेऊन आली, आणि लुगडे हाती घेऊन म्हणाली, “म्हातारा विसरला नव्हता तर.” एवढेच. तिने क्षमा केली असे शब्द उच्चारिले नाहीत, आणि आम्हीही ते तिच्या तोंडून वदवून घेतले नाहीत. परंतु परत निघताना तिने मुलास विचारिले, “बाबांना शेवटी त्रास झाला काय?” तेव्हा तो पुरुष, जो बापाच्या कबरीपाशी रडला नव्हता, तो रडला.

प्रियजनहो, आता आम्ही त्या तरुण सुवार्तिकाच्या प्रश्नाकडे वळतो. ह्या जीवितात देवाचे काम कोणते?

आमचे उत्तर असे आहे. एका शिपायाने बळ मिळविले आणि ते दुर्बळावर चालविले नाही. एका व्यापाऱ्याने हजारो वेळा खरे सांगितले आणि एकदा खोटे सांगितले, व ते एक खोटे त्याने हजार खऱ्यांच्या आड लपविले नाही. एका पित्याने आपल्या मुलांस घरदार फारसे दिले नाही. परंतु एक अपुरे राहिलेले देणे दिले, आणि ते फेडण्याइतके सरळ मन दिले. ह्यात देवाचे काम नाही तर मग देवाचे काम कोठे आहे?

कोणी असे समजू नये की ते लुगडे देऊन बाबांचे पाप फिटले. पाप लुगड्याने फिटत नाही. ते प्रभूच्या रक्ताने फिटते, हाच आमचा विश्वास आहे. त्या बाईने वर्षभर जे ऐकिले ते कोणी परत घेऊ शकत नाही. तिच्या आईने स्वतःच्या नशिबास जो दोष दिला तो आता कोण पुसणार? लहानशा खोटेपणाचे पाणी किती दूर वाहत जाते, हे आम्हांस त्या ओसरीवर कळले. परंतु ज्यास क्षमा मिळाली आहे तोच आपले देणे उघडपणे लिहून ठेवू शकतो. ज्यास क्षमेचा भरवसा नाही तो पाने फाडीत बसतो.

म्हणून आमची विनंती अशी की, ह्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरी एक वही उघडावी. कागदाची नसली तर मनाची. त्यात लोक आपले काय देणे लागतात हे पुष्कळ पानांवर असेल. ते सोडता येईल तितके सोडावे. मग एक पान वेगळे काढून आपण कोणाचे काय देणे लागतो ते लिहावे : रुपये, शब्द, मोजताना वाचविलेली दोन बोटे, बांधावर सरकविलेला दगड, भाऊबंदावर घेतलेला आळ. नवऱ्याने ते बायकोस सांगावे आणि बायकोने नवऱ्यास. आणि जो मनुष्य अद्याप जिवंत आहे त्याजकडे आताच जावे. कारण बाबा दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले नाहीत, आणि तेवढ्यात आई वारली. त्यांच्या आयुष्यातील आम्हांस दिसलेली हीच एक उणीव. तिच्यातूनही आपण शिकावे असे त्यांस नक्कीच वाटले असते.

हे प्रभो, ज्यांनी तुझ्या नावाने हत्यार वाहिले, ओझे वाहिले व घर वाहिले, त्या तुझ्या सर्व वृद्ध सेवकांबद्दल आम्ही तुझे उपकार मानितो. आमच्या जिभेस खरा तराजू कर. आमच्या घरांत असे प्रेम दे की, आम्हांस आपला दोष आपल्याच माणसांजवळ सांगता यावा. आणि आमच्या मुलांस आमची वही उघडण्याची लाज वाटू नये. आमेन.